रणगाडा फोडला कुणी ते सोडा, रात्री ओढून कुणी नेला?

काजूगर (रत्नागिरी)

शेजारच्या धाग्यावर 'जगातला सर्वांत भारी रणगाडा कोणता' यावरून हाणामारी चालू आहे. चिलखत किती मिलिमीटर, तोफ कितीची, टायगर की टी-३४, अर्जुन की टी-९०. वाचायला मजा येते. पण लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीही रणगाडे मैदानात दिसतात ते ज्यांच्यामुळे, त्या ओढणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचा तिथे कुणी विषयच काढला नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं, की 'अमुक लढाईत इतके रणगाडे नष्ट' हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. थांबलेला रणगाडा आणि कायमचा गेलेला रणगाडा यांत फार फरक आहे. सुरुंगावर जाऊन पट्टा तुटला, दोन चाकं उडाली, गिअरबॉक्स बसला, ओढ्यात रुतला, असे सगळे त्या दिवसापुरते 'गेले' म्हणून मोजले जातात. त्यांचं पुढे काय होणार हे त्या रात्री मैदान कुणाच्या हातात राहतं त्यावर ठरतं. आपल्या हातात असेल तर दोन-चार दिवसांत रणगाडा परत रांगेत. शत्रूच्या हातात गेलं तर तो स्फोटकं लावून उडवतो, नाहीतर रंग बदलून आपल्याच अंगावर आणतो.

नोव्हेंबर १९४१ मध्ये लिबियात सिदी रेझेघच्या आसपास ब्रिटिश आणि जर्मन रणगाडे भिडले. ब्रिटिशांनी आपण मारलेल्या जर्मन रणगाड्यांचे मोठमोठे आकडे लावले. पण अंधार पडला की जर्मनांच्या ओढगाड्या पुढे यायच्या आणि आपले पडलेले रणगाडे घेऊन जायच्या. ब्रिटिशांनी 'मारलेला' रणगाडा काही दिवसांनी पुन्हा समोर उभा. ती मोहीम शेवटी ब्रिटिशांनी जिंकली, पण हा धडा त्यांना महागात पडला. १ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभं केलं, रीमी. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला इजिप्तमध्ये एल अलामेनची दुसरी लढाई सुरू झाली. या वेळी मैदान ब्रिटिशांच्या हातात राहिलं. त्यांचे थांबलेले रणगाडे मोठ्या संख्येने दुरुस्त होऊन परत आले आणि माघार घेणाऱ्या जर्मन-इटालियन फौजांचे तिथेच राहिले.

रशियातल्या कुर्स्कचं तर याहून चांगलं उदाहरण. जुलै १९४३ मध्ये जर्मनांनी सुमारे २०० नवे कोरे पँथर पहिल्यांदा लढाईत उतरवले. इंजिनांना आगी लागल्या, फायनल ड्राइव्ह (पट्टा फिरवणारे शेवटचे गिअर) तुटले, सुरुंगांनी पट्टे नेले. आठवड्याच्या आत चालते पँथर मूठभर उरले. कागदावर मात्र त्यातले बहुतेक 'दुरुस्तीत' होते, नष्ट नव्हते. १२ जुलैला प्रोखोरोव्काला जर्मनांनी आपल्या ताब्यातल्या भागातले निकामी रशियन रणगाडे स्फोटकं लावून उडवले, म्हणजे त्यांची दुरुस्तीच संपवली. पण ऑगस्टमध्ये रशियन फौजा उलटून आल्या, जर्मन मागे हटले आणि दुरुस्तीच्या रांगेतले रणगाडे तसेच सोडून द्यावे लागले. जुलैचा हिशेब वेगळा, ऑगस्टचा वेगळा. वादात मात्र ज्याला जो सोयीचा तो महिना घेतला जातो.

ज्यांना या कामाची प्रत्यक्ष माहिती असेल त्यांनी लिहावं.

तर्कट (अलिबाग)

लेख छान, पण निष्कर्ष पटला नाही. दुसरं महायुद्ध कारखान्यांनी जिंकलं. अमेरिकेने शेर्मन ४९ हजारांच्या वर बनवले, टी-३४ तर त्याहून जास्त. टायगर-१ बनले तेराशेच्या आसपास. एवढा फरक असताना चार ओढगाड्या कमी-जास्त असल्याने काय होणार? ज्याच्याकडे नवा रणगाडा रोज येतोय त्याने जुना चिखलातून काढायची तसदी तरी का घ्यावी?

सागरगोटी (चिपळूण)

तर्कट, नवा रणगाडा रोज येतो तो डेट्रॉईटमधून किंवा उरलमधून येतो. रेल्वेने, जहाजाने, काही आठवड्यांनी. मैदानात पडलेला तीन किलोमीटरवर आहे. आणि 'कारखान्यांनी जिंकलं' म्हणताना कारखाने काय बनवत होते तेही बघा. जर्मनीत पूर्ण रणगाड्यांचा आकडा फुगवायच्या नादात सुट्या भागांना हात आखडता घेतला गेला. वरच्यांना महिन्याला किती रणगाडे बाहेर पडले ते दिसायचं, किती फायनल ड्राइव्ह गोदामात आहेत ते कुणी विचारत नव्हतं. अमेरिकनांनी शेर्मनबरोबर इंजिनं, गिअरबॉक्स, बोगी यांचे ढीग पाठवले.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे मला तोफेपेक्षा आतली मांडणी जास्त दिसते. शेर्मनचा गिअरबॉक्स पुढे आणि नाकाचा अख्खा भाग बोल्टने बसवलेला. बोल्ट सोडा, क्रेनने नाक उचला, काम सुरू. त्याची चाकं जोडीजोडीने एका बोगीवर, ती बोगी बाहेरून सुटते. पँथरचाही गिअरबॉक्स पुढेच, पण तो काढायचा तर ड्रायव्हरच्या पुढ्यातलं सगळं उपसून वरून काढायचा. चाकं एकमेकांत गुंतवलेली. आतलं एक चाक बदलायला बाहेरची कितीतरी उतरवायची. रशियात त्या फटींत चिखल बसून रात्री गोठला की सकाळी चाकं हलायची नाहीत. कागदावर ते सस्पेन्शन अप्रतिम आहे, गाडी मऊ चालते, तोफ स्थिर राहते. ज्याने आखलं त्याला पाना हातात घेऊन बर्फात झोपायचं नव्हतं एवढंच.

काजूगर

+१. त्यात वजन. टायगर ५७ टनांच्या आसपास. जर्मनांची सगळ्यात मोठी ओढगाडी, अर्ध्या पट्ट्याची (पुढे चाकं, मागे पट्टे), १८ टन ओढीची. एका टायगरला अशा तीन लागायच्या. एका टायगरने दुसऱ्याला ओढू नये असा हुकूम होता, कारण ओढणाऱ्याचाही गिअरबॉक्स जायचा. तरीही ओढायचे, दुसरा इलाज नसायचा. पँथरच्याच सांगाड्यावर बनवलेली ओढगाडी, बेर्गेपँथर, आली तेव्हा कुठे काम जरा सोपं झालं.

निवृत्त_क्राफ्ट्समन (खेड)

नमस्कार मंडळी. पुतण्याने हा धागा दाखवला. मी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती दलात होतो, ट्रेड रिकव्हरी मेकॅनिक. खेड-महाड पट्ट्यातून फौजेत गेलेली माणसं पुष्कळ, फौजी आंबवड्यासारखं गाव आमच्या बाजूलाच. पण बहुतेक पायदळात. मी रणगाड्यांमागे फिरलो, त्यामुळे गावात कुणाला नीट कळायचं नाही की मी नक्की करतो काय. गोपनीय असं काही लिहिणार नाही, सर्वसाधारण सांगतो.

आपली ईएमई १९४३ ची, १५ ऑक्टोबर हा कोअर डे. ब्रीद 'कर्म ही धर्म'. काम पायऱ्यापायऱ्यांनी चालतं. पट्ट्याची पिन बदलणं, पट्टा ताणणं, फिल्टर साफ करणं हे क्रूचं स्वतःचं. त्यावरचं रेजिमेंटबरोबर असणाऱ्या एलएडीचं, म्हणजे छोट्या दुरुस्ती तुकडीचं. तिथे नाही झालं तर ती गाडी 'बीएलआर', म्हणजे जागेवर होण्यासारखी नाही, मग मागे फील्ड वर्कशॉपला. अगदी उघडून नवी करायची तर बेस वर्कशॉप, आपल्या खडकीला ५१२ आहे तसं. नियम साधा आहे, जितकं पुढे दुरुस्त होईल तितकं पुढे करा. गाडी मागे न्यायची म्हणजे एक ओढगाडी, एक रस्ता आणि एक रात्र अडकवायची.

रुतलेल्या रणगाड्यापाशी गेल्यावर आधी हुक लावत नाहीत. आधी बघायचं की आजूबाजूला सुरुंग आहेत का, आणि शत्रूने गाडीलाच काही बांधून ठेवलंय का. मग क्रूकडून विचारून घ्यायचं काय तुटलं. गिअरबॉक्स जाम असेल तर फायनल ड्राइव्ह सोडवल्याशिवाय किंवा पट्टे काढल्याशिवाय ती गाडी कुणाच्या बापाला ओढणार नाही. मग हिशेब.

हिशेब असा. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर ओढ गाडीच्या वजनाइतकी धरायची. फेंडरपर्यंत (पट्ट्यांवरच्या पत्र्यापर्यंत) रुतली तर दुप्पट. टरेटपर्यंत (तोफेच्या फिरत्या घुमटापर्यंत) गेली तर तिप्पट. टी-७२ एकेचाळीस-बेचाळीस टनांचा. फेंडरपर्यंत रुतला की ऐंशीच्या वर टन लागणार. त्याच सांगाड्यावरच्या रिकव्हरी गाडीच्या विंचची (वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) सरळ ओढ पंचवीस-तीस टनांच्या घरात. मग कप्प्या लावून ती वाढवायची. एक कप्पी फिरती लावली की ओढ दुप्पट, वेग अर्धा. आणखी लावत जा. शिवाय रिकव्हरी गाडीने स्वतः सरकू नये म्हणून पुढचं पातं जमिनीत गाडायचं, नाहीतर रुतलेली गाडी जागेवर आणि आपण तिच्याकडे.

वायर रोप ताणाखाली असताना तिच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. तुटली तर माणूस कापते. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, इंजिन नंतर.

चिवल्याचो (मालवण)

काका, भारी म्हायती. माका एक सांगा, रणगाडो रुतताच कसो? एवढे रुंद पट्टे असतत, चिखलात चलुक बनवलेलो ना तो?

निवृत्त_क्राफ्ट्समन

बरोबर विचारलंत. टी-७२ चा जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्याही खाली आहे. तुमच्या मोटारीच्या टायरचा याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे जिथे जीप रुतेल तिथे रणगाडा निघून जातो. गोची तिथेच आहे. ड्रायव्हरला भरवसा येतो आणि तो आणखी आत जातो. वरचा थर धरून ठेवतो, धरून ठेवतो, आणि एकदम फुटतो. मग पोट टेकतं. पोट टेकलं की सगळं वजन पोटावर, पट्टे नुसते फिरतात आणि स्वतःखालचं उकरत जातात. म्हणून जीप रुतते ती काठाला, रणगाडा रुततो तो मधोमध.

आपल्या कोकणात चालेल का, असं कुणी विचारायच्या आधीच सांगतो. सड्यावर कातळ आहे, तिथे काही अडचण नाही. खाडीकाठच्या खाजणात नेलात तर काढायला मला बोलवू नका.

टी-७२ च्या फोटोत मागे एक लाकडी ओंडका बांधलेला दिसतो. बऱ्याच लोकांना तो सरपणाचा वाटतो. तो पुढून दोन्ही पट्ट्यांना आडवा बांधायचा आणि गाडी हळू पुढे घ्यायची. पट्टा ओंडक्याला पोटाखाली ओढतो आणि गाडी त्यावर चढून बाहेर येते. एकटा रणगाडा, मदत लांब, तेव्हा हाच उपाय.

काजूगर

काका, ही युक्ती पहिल्या महायुद्धातली. १९१७ मध्ये पॅशेंडेलच्या चिखलात ब्रिटिशांचे मार्क-४ बुडत होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर रुळांसारख्या दोन पट्ट्या बसवून त्यावर जाड तुळई ठेवत. रुतला की ती साखळीने पट्ट्यांना अडकवायची. शंभर वर्षं उलटली, लेझर आले, थर्मल कॅमेरे आले, ओंडका आहे तिथेच.

त्याच युद्धातली आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ब्रिटिश टँक कोअरचं मुख्य वर्कशॉप फ्रान्समध्ये एरँ नावाच्या गावी होतं आणि तिथे चिनी मजूर दलातले कामगार रणगाडे दुरुस्त करायचे.

ओहोटी (हर्णै)

आमच्याकडे दर सुट्टीला हा खेळ असतो. पर्यटक एसयूव्ही घेऊन पुळणीवर उतरतात, ओल्या वाळूवर गाडी मस्त पळते, मग थांबवतात, फोटो काढतात, तोवर भरती लागते. गाडी बसते. मग 'दादा, ट्रॅक्टर आहे का?' काकांनी लिहिलंय तसंच, वरचा थर धरतो तोवर सगळे हिरो. चाकं आत गेली, त्यात पाणी शिरलं, की वाळू चारही बाजूंनी आवळते. आमच्या होड्या ओढायची सवय असलेली माणसं आधी चाकामागची वाळू उपसतात आणि पाण्याला वाट करून देतात, मग दोर लावतात. गाडीवाल्याला वाटतं ही वेळ काढतायत.

प्रश्न असा आला मनात, की समुद्रातून रणगाडे उतरवतात तेव्हा असं होत नाही का? तिथे तर वरून गोळ्याही.

सागरगोटी

ओहोटी, तुम्ही माझ्या आवडत्या यंत्रावर आलात! होतं ना. सहा जून १९४४, फ्रान्सचा नॉर्मंडी किनारा. रणगाडे, ट्रक पाण्यात बंद पडणार, बाहेर निघायची वाट अडवणार आणि मागून येणारी प्रत्येक होडी खोळंबणार हे रीमीला आधीच माहीत होतं. म्हणून त्यांनी शेर्मनचा टरेट काढून त्या जागी होडीच्या नाकासारखी उंच पोलादी पेटी बसवली. नाव 'बार्व्ह', किनाऱ्यावरची चिलखती ओढगाडी. नऊ फूट पाण्यातही चालायची. दोन कामं. बुडालेली गाडी ओढून बाहेर काढायची, आणि वाळूत बसलेलं लँडिंग क्राफ्ट ढकलून परत पाण्यात लोटायचं. ढकलताना होडीला भोक पडू नये म्हणून पुढे लाकडी ठोकळे लावलेले.

ब्रिटिशांना ते इतकं उपयोगी वाटलं की पुढे सेंच्युरियनच्या सांगाड्यावर तसंच बनवलं, आणि त्यानंतर लेपर्ड-१ च्या सांगाड्यावर 'हिप्पो'. सगळ्या रणगाडा-धाग्यांवर तोफांचे फोटो असतात, मला या कुरूप पेटीचा फोटो लावावासा वाटतो.

चिवल्याचो

पण ताई, पाण्याखाली हुक कोण लावतलो? आत बसान तर लावूक येवचा नाय.

सागरगोटी

त्यासाठी क्रूमध्ये एक जण शिकलेला पाणबुड्याच असायचा. बाकीचे आत, तो गाडीतून उतरून पाण्यात, लाटांत, गढूळ पाण्यात बुडालेल्या गाडीचा हुक हाताने चाचपून साखळी अडकवणार. वरून मारा चालू.

चिवल्याचो

बाप रे. आमच्याकडे दोर प्रॉपेलरात अडाकलो तर खाली जावचा कोणी, ह्याच्यावर अर्धो तास भांडण चलता. हडे गोळ्ये चलतत आणि तो खाली!

तर्कट

आता भारताकडे या. १९६५ ला असल उत्तर, १९७१ ला लोंगेवाला. दोन्हीकडे पाकिस्तानी रणगाडे मोठ्या संख्येने गेले आणि दोन्हीकडे कारण जमीन. असल उत्तरला शेतात पाणी सोडलेलं, लोंगेवालाला वाळू. यात दुरुस्तीदलाचा काय संबंध? चुकीच्या जागी नेलेला रणगाडा जगातला सर्वोत्तम मेकॅनिकही वाचवू शकत नाही.

काजूगर

संबंध आहे आणि थेट आहे. रुतलेला पॅटन रणगाडा हा धडधाकट पॅटन असतो. एक रात्र, एक ओढगाडी, आणि तो परत लढाईत. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या पुढे कालव्याचं पाणी उसाच्या शेतांत सोडलं, पॅटन त्यात बसले, आणि आपल्या फौजेने त्यांना ती एक रात्र मिळू दिली नाही. भारतीय नोंदीत तिथे ९७ पाकिस्तानी रणगाडे मोजलेत, त्यात काही अगदी चालू स्थितीत सोडून दिलेले. भिखीविंडजवळ ते रांगेने उभे केले आणि जागेला नावच पडलं पॅटन नगर. मैदान पाकिस्तानकडे राहिलं असतं तर त्यातले कितीतरी आठवड्यात परत फिरले असते.

लोंगेवाला, ४-५ डिसेंबर १९७१ ची रात्र. पाकिस्तानी टी-५९ आणि शेर्मन मऊ वाळूत अडकले, इंजिनं तापली. उजाडलं आणि जैसलमेरहून हंटर विमानं आली. ओढायला गाडी आणायची कुठून आणि कधी? तुमचं अर्धं बरोबर आहे, चूक जमिनीची निवड करणाऱ्याची. पण ती चूक निस्तरायला जो वेळ लागतो तो मिळाला नाही म्हणून ते रणगाडे गेले.

इस्रायलचं याच्या उलट. ऑक्टोबर १९७३, गोलान. त्यांच्याकडे रणगाडे सीरियापेक्षा खूप कमी, पण दुरुस्तीवाले अगदी मागे चिकटून. दिवसा थांबलेला सेंच्युरियन रात्रीत दुरुस्त, पहाटे दुसऱ्याच क्रूला घेऊन परत टेकडीवर. मैदानही शेवटी त्यांच्याकडेच राहिलं. १९६७ ला अरबांकडून मिळालेले टी-५४, टी-५५ तर त्यांनी तोफ बदलून 'तिरान' नावाने स्वतःच्या फौजेत घेतलेले होते.

निवृत्त_क्राफ्ट्समन

आपलीही एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती ट्रेनिंगमध्ये छाती फुगवून सांगितली जायची. १९४८, झोजी ला, साडेअकरा हजार फूट. घुसखोर वर खिंडीत बसलेले, पायदळाचे हल्ले परतवले गेले. जनरल थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे वर न्यायचे. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट, पंधरा टनांच्या आसपासचे, जम्मूकडून श्रीनगरला आणायचे होते. रस्त्यातले पूल त्या वजनाचे नव्हते आणि कुणाला कळूही द्यायचं नव्हतं. म्हणून टरेट उतरवले, वेगळे नेले, वर गेल्यावर पुन्हा चढवले. मद्रास सॅपर्सनी वाट रुंद केली. १ नोव्हेंबरला बर्फात रणगाडे खिंडीत शिरले. समोरच्यांनी तिथे रणगाड्याची कल्पनाच केली नव्हती.

टरेट उतरवणं-चढवणं वाचायला एक ओळ आहे. बेअरिंगची रिंग, शेकडो किलोंचं वजन हवेत लटकलेलं, थंडीने बोल्ट हाताला चिकटतायत, आणि ते बसवल्यावर तोफ नीट फिरली पाहिजे. वर्कशॉपच्या छपराखालीसुद्धा हे काम मी हलक्यात घेतलेलं नाही.

वाचनमात्र (पनवेल)

एरवी नुसती वाचते, आज विचारतेच. जे रणगाडे गोळा लागून थांबले त्यांत माणसं असणार. ती गाडी दुरुस्त करून परत कुणाला तरी देतात?

निवृत्त_क्राफ्ट्समन

देतात. माझ्या वाट्याला युद्धातली अशी गाडी आली नाही, सरावातले अपघात आले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण जुन्या उस्तादांकडून ऐकलंय. आधी माणसांना बाहेर काढतात, ते काम अनेकदा वर्कशॉपवाल्यांकडेच येतं. मग आतून सगळं धुतात, भोक पोलादी डट्टा घालून वेल्ड करतात, वायरिंग बदलतात आणि आतून पूर्ण नवा पांढरा रंग देतात. रंग फक्त दिसण्यासाठी नसतो, वासासाठी असतो. नवीन क्रूला शक्यतो सांगत नाहीत. त्यांना कळतंच, वेल्ड लपत नाही.

जळलेली गाडी मात्र कुणी घेत नाही. आगीत चिलखताच्या पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. बाहेरून अख्खी दिसली तरी ती भंगार. हे तोफ चालवणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंचे तोफची रणगाडा थांबल्यावरही तो पेटेपर्यंत मारत राहायचे, म्हणजे आमच्यासारख्यांच्या हाती काही लागायला नको.

वाचनमात्र

धन्यवाद काका.

तर्कट

बरं, दुसऱ्या महायुद्धापुरतं मान्य. पण आज? युक्रेनमध्ये वर सतत ड्रोन. रणगाडा थांबला की पाच मिनिटांत दुसरा ड्रोन त्याच्या हॅचवर. ओढायला येणारी गाडी तर त्याहून मोठं सावज, हळू आणि जागेवर उभी. आता जो थांबला तो गेला, असंच ना?

सागरगोटी

ओढणं अवघड झालंय, गरज कमी झालेली नाही. उलट पाश्चिमात्य रणगाड्यांमुळे वाढली. तिथले पूल आणि ओढगाड्या चाळीस-पंचेचाळीस टनांच्या सोव्हिएत रणगाड्यांसाठी. त्यात लेपर्ड-२ आणि अब्राम्स आले, साठ टनांच्या आसपास आणि वर. मग त्यांच्या जोडीला बेर्गेपँझर आणि एम-८८ या ओढगाड्या पाठवाव्याच लागल्या. लेपर्ड-२ चा पॉवरपॅक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच गठ्ठा, क्रेन असेल तर तासाभराच्या आत बदलतो. टी-७२ चं इंजिन बदलायला दिवस जातो, कारण गिअरबॉक्सशी जुळणी हाताने करावी लागते. पण तो गठ्ठा उघडून दुरुस्त करायचा तर पोलंडमध्ये ग्लिवित्सेला, नाहीतर स्लोव्हाकियात मिहालोव्त्सेला पाठवावा लागायचा. पुढे सोपं, मागे लांबलचक. कुठली मांडणी बरी हे लढाई किती दिवस चालते त्यावर. मला विचाराल तर लांब युद्धात मी टी-७२ घेईन आणि मेकॅनिक दुप्पट मागेन.

आणि अर्जुनप्रेमींनो, अर्जुन एमके-१ए ६८ टनांचा आहे. शेजारच्या धाग्यावर त्याच्या तोफेबद्दल लिहिताना हाही आकडा लिहा आणि काकांचा दुप्पट-तिप्पटचा हिशेब लावून बघा.

निवृत्त_क्राफ्ट्समन

सागरगोटीताई, इंजिन बदलायला दिवस जातो हे चांगल्या टीमचं बोललात. वाळूच्या वादळात दोन दिवस धरा.

तर्कट भाऊ, ड्रोन असोत की तोफखाना, रिकव्हरी नेहमी रात्रीची आणि गुपचूप होत आली आहे. उजेडात मैदानात जाऊन हुक लावणं कधीच सोपं नव्हतं. आता रात्रही उघडी पडली आहे एवढा फरक, आणि तो मोठा आहे. धूर, पाऊस, धुकं बघून जावं लागणार. दुरून हुक लावता येईल अशी यंत्रं येतीलही.

तर्कट

ठीक आहे, अर्धा हार मानतो. कारखान्यांचा मुद्दा सोडत नाही. :)

काजूगर

तुमच्या कारखान्यांच्या मुद्द्याला एक पुरवणी देतो, हरकत नसेल तर. डिसेंबर १९४४, बेल्जियमच्या आर्देनमध्ये जर्मन अधिकारी पायपरची तुकडी ला ग्लेझ गावात अडकली. सोबत किंग टायगर, सत्तर टनांच्या आसपास, त्या काळातल्या सगळ्यात जाड चिलखतांपैकी एक. इंधन संपलं, ओढून न्यायला कुणी येऊ शकत नव्हतं. २४ डिसेंबरच्या पहाटे सगळी वाहनं तिथेच टाकून माणसं पायी निघून गेली. त्यातला एक किंग टायगर आजही ला ग्लेझमध्ये उभा आहे, पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. कारखान्याने आपलं काम चोख केलं होतं.

ओहोटी

काका, धागा संपायच्या आधी आमच्या कामाचं विचारतो. वाळूत बसलेली गाडी ओढताना तिचं इंजिन चालू ठेवायचं की बंद? इथे दोन तट आहेत.

निवृत्त_क्राफ्ट्समन

रणगाड्याच्या बाबतीत पट्टे चालत असतील तर चालू ठेवायचं आणि पट्टे हळू फिरवायचे. त्याने लागणारी ओढ चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होते. ज्या बाजूने आत आला त्याच वाटेने उलटा ओढला तर आणखी दहा टक्के कमी, कारण ती वाट आधीच मोडलेली असते.

मोटारीचं थोडं वेगळं. चाक जोरात फिरलं की खड्डा खोल होतो. हवा कमी करा, चाक अगदी सावकाश फिरवू द्या, आणि तेही दोर ताणल्यावरच. मागच्या वाटेने ओढा. बंपरला दोर बांधू नका, तो हातात येतो. कंपनीने दिलेला टो हुक असतो, तो शोधा. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, तुटला तरी उसळणार नाही. आणि फोटो काढणाऱ्यांना दोराच्या दुप्पट लांबीवर उभं करा.

ओहोटी

मागच्या वाटेने ओढतोच आम्ही. गोणपाटाचं नव्हतं माहीत. होळीनंतर गर्दी सुरू होईल, तेव्हा ट्रॅक्टरवाल्या पोरांना सांगतो. फोटोवाल्यांचं तेवढं तुम्हीच येऊन सांगा, आमचं ऐकत नाहीत.